चित्रकार होते, गुरुवार नव्हता

प्रश्न थोडक्यात असा आहे की बेल्जियम हा सव्वा कोटीच्याही आतला देश, तिथून टिनटिन आला, स्मर्फ आले, लकी ल्यूक आला, इकडे बंगालीत हांदा-भोंदा आणि बाँटुल पिढ्यान्‌पिढ्या पाठ, आणि 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख लोकांनी जी मातृभाषा सांगितली त्या मराठीत कॉमिक्स म्हटलं की आठवतो वेताळ (इंग्रजीतला फँटम) नाहीतर अमर चित्र कथा, म्हणजे दोन्ही भाषांतरं. असं का झालं? आणि याच्याच शेपटाला दुसरा प्रश्न, की 80 पानांची एक मराठी कॉमिक कादंबरी डोक्यात आहे, तर सुरुवात कुठून करू.

मी तीसेक वर्षं कॉमिक्सची पानं लावतोय, म्हणजे मुख्यतः पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांत मराठी अक्षरं बसवायची, मधेमधे स्वतःची चित्रं, आणि एकदा मासिक काढून हात पोळून घेतलेत. त्यामुळे सांगेन ते जरा छापखान्याच्या बाजूने असेल, कलेच्या बाजूने सांगणारे भरपूर आहेत.

आधी दोन नेहमीची उत्तरं निकालात काढतो. एक म्हणजे "आपल्याकडे तसे चित्रकारच नव्हते". अहो, अमर चित्र कथेचे जुने अंक उघडा आणि नावं वाचा ना. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. टिंकलमधला सुप्पंडी वाईरकरांच्या हातचा. मुळीकांनी पुढे दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी नागराज काढला, तो हिंदी पट्ट्यात किती चालला ते वेगळं सांगायला नको. म्हणजे अख्ख्या देशाला कॉमिक्स काढून देणारे हात मराठी होते, फक्त मराठीसाठी काढत नव्हते. दुसरं उत्तर "आपले पालक कॉमिक्स वाचू देत नाहीत". मग फ्रान्समधले पालक काय आरती ओवाळत होते का? तिथे 16 जुलै 1949 ला मुलांच्या नियतकालिकांसाठी कायदाच केला, त्यावर नजर ठेवायला समिती नेमली. अमेरिकेत 1954 ला प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड लावून घेतला कारण त्याआधी पालक-शिक्षकांनी कॉमिक्सच्या होळ्या केल्या होत्या, खऱ्याखुऱ्या. तर पालक सगळीकडे सारखेच.

मला विचाराल तर सगळं गाडं अडलंय ते वारावर. थट्टा नाही करत, ह्या तारखा बघा. टिनटिन पहिल्यांदा छापून आला 10 जानेवारी 1929 ला, ब्रसेल्सच्या एका दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत. स्पिरू साप्ताहिकाचा पहिला अंक 21 एप्रिल 1938. टिनटिनच्या नावाचं साप्ताहिक निघालं 26 सप्टेंबर 1946 ला. ज्यात अॅस्टेरिक्स सुरू झाला ते पिलोत, 29 ऑक्टोबर 1959. कॅलेंडर काढून तपासा, चारही गुरुवार आहेत. फ्रान्समध्ये 1972 पर्यंत शाळांना आठवड्यामधली सुट्टी गुरुवारची असायची, मग ती बुधवारवर गेली. म्हणजे पोरगं घरी आहे, हातात चार नाणी आहेत, कोपऱ्यावर अंक आलाय, आणि पुढच्या गुरुवारी परत येणार आहे. ही जी "परत येणार आहे" ची खात्री आहे ना, त्यातून कॉमिक्स तयार होतं.

टिनटिन काढणारा एर्जे, त्याला आठवड्याला दोन पानं भरायची असायची. दोन पानांत थोडी पळापळ, एक-दोन विनोद, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत हिरोला कुठेतरी लटकवून ठेवायचा. सुरुवातीला त्याला स्वतःलाच माहीत नसायचं की पुढच्या आठवड्यात याला सोडवायचं कसं, आणि ती धांदल त्या पहिल्या गोष्टींत दिसतेसुद्धा. आज आपण पानाच्या शेवटी उत्कंठा ठेवायची असं वर्कशॉपमध्ये शिकवतो, ती काही कुणी बसून शोधलेली थिअरी नाहीये, पुरवणीत त्याच्या वाट्याला पानं दोनच होती म्हणून झालेली गोष्ट आहे.

आता पुस्तकाचं बघा. छापखान्यात फर्मा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून 16 पानं छापतात, घड्या घालतात आणि कापतात, तो झाला एक फर्मा. टिनटिनच्या रंगीत पुस्तकात गोष्ट असते 62 पानं. का 62? कारण वरच्या नावाबिवाची दोन धरून 64 होतात, म्हणजे चार फर्मे. युद्धात कागद मिळेना तेव्हा प्रकाशकाने, म्हणजे कास्टरमनने, 1942 च्या सुमाराला सांगितलं की इथून पुढे इतक्याच पानांत आणि रंगीत, मग एर्जेने जुन्या शंभर-सव्वाशे पानांच्या काळ्या-पांढऱ्या गोष्टी परत बसून काढल्या, कापल्या, आटवल्या. दूध आटवल्यासारखं. आज त्या गोष्टी ज्या घट्ट वाटतात, एकही चौकट फालतू वाटत नाही, त्याचं निम्मं श्रेय कागदटंचाईला आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे बाकीच्यांचं 48 पानांवर स्थिरावलं, म्हणजे तीन फर्मे, जाड पुठ्ठा, रंगीत. हा साचा इतका पक्का झाला की 1990 नंतर तिथल्या बंडखोर लोकांनी त्यालाच शिवी म्हणून वापरलं, "48 पानं, पुठ्ठा, रंगीत" असं नाक मुरडून म्हणायचे. परंपरा आहे की नाही हे ओळखायचं असेल तर बघायचं की तिच्याविरुद्ध बंड करायला काही ठोस आहे का. आपल्याकडे बंड करायला साचाच नाहीये.

आणि यात सगळ्यात महत्त्वाचं, जे लोक सांगत नाहीत, ते म्हणजे युद्धात अमेरिकन माल बंद झाला. स्पिरूत सुरुवातीला अमेरिकन चित्रपट्ट्यासुद्धा छापायचे, कारण सिंडिकेटकडून, म्हणजे एकच पट्टी अनेक पेपरांना विकणाऱ्या कंपनीकडून, तयार माल स्वस्तात मिळतो, तो सगळीकडेच. जर्मनांनी बेल्जियम व्यापला आणि पानं यायची बंद झाली. गोष्ट तर अर्धवट लटकलेली. मग जीजे नावाच्या चित्रकाराने सुपरमॅनची आणि एका काउबॉय पट्टीची पुढची पानं स्वतः काढून दिली. दुसऱ्या एका साप्ताहिकात एडगर जेकब्सने फ्लॅश गॉर्डन असाच निभावून नेला आणि तिथूनच पुढे स्वतःची गोष्ट सुरू केली. दुसऱ्याचं अपुरं पान पूर्ण करता करता ही माणसं आपली पानं काढायला शिकली. युद्ध संपून अमेरिकन माल परत मिळायला लागला तोपर्यंत यांचे हात बसले होते, वाचक लागले होते, आणि वरून शेजारच्या फ्रान्सचा तो 1949 चा कायदा होताच, ज्याने परदेशी मालाला थोडा लगाम घातला. म्हणजे जो कायदा पोरांना कॉमिक्सपासून वाचवायला केला त्यानेच गावठी कॉमिक्स वाढवलं.

आता इकडे या.

आपल्याकडे नियतकालिकांचा दुष्काळ कधीच नव्हता. उलट दिवाळी अंक ही आपली केवढी मोठी गोष्ट आहे, 1909 ला मनोरंजनचा पहिला निघाला तेव्हापासून चालू आहे. पण दिवाळी वर्षातून एकदा येते! जो अंक वर्षाने परत येणार त्यात तुम्ही हिरोला कड्यावर लटकवून ठेवू शकत नाही, वाचक तोपर्यंत विसरतो, हिरोपण म्हातारा होतो. वर्षातून एकदा येणाऱ्या अंकात काय शोभतं, तर एका फटक्यात पूर्ण होणारी गोष्ट. म्हणजे व्यंगचित्र. आणि म्हणून मराठीत व्यंगचित्र जे फुललं ते बघा ना, शि. द. फडणीसांची शब्दाविना हसवणारी मुखपृष्ठं, वसंत सरवट्यांची रेषा. हे लोक जगात कुठेही उभे राहिले असते. आमच्या धंद्यात काही जण हळहळतात की यांनी कॉमिक्स का नाही केलं. मला ते हळहळणं पटत नाही, वाहन जसं होतं त्याप्रमाणे त्यांनी गाडी हाकली आणि उत्तम हाकली.

आणि कॉमिक्सच्या सगळ्यात जवळ आपण कुठे गेलो होतो सांगू? आवाजच्या खिडक्या. मधुकर पाटकरांच्या आवाज दिवाळी अंकात पानाला कापून खिडकी केलेली असायची, बाहेरून चित्र बघितलं की काहीतरी भलतंच चावट वाटायचं आणि खिडकी उघडली की आत अगदी साधं सोवळं निघायचं, माणूस स्वतःच्याच मनातल्या पापावर हसायचा. आता हे नीट बघा. पहिली चौकट, मग एक थांबा, मग दुसरी चौकट, आणि अर्थ तयार होतो तो त्या थांब्यात, वाचकाच्या डोक्यात. कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मधे जी पांढरी फट असते ती नेमकं हेच काम करते. आपण ती फट कात्रीने कापून, हाताने उघडायला लावून केली, जगात फार कुणी केलं नसेल असं. फक्त त्या खिडकीतल्या माणसाला नाव नव्हतं आणि तो पुढच्या आठवड्यात परत भेटत नव्हता.

साप्ताहिकं होती की, असं म्हणाल. होती, मार्मिक 1960 ला निघालं ते व्यंगचित्रांचंच साप्ताहिक, त्यातली रविवारची जत्रा लोक आधी उघडायचे. पण त्याच्या इंजिनाचं इंधन राजकारण होतं आणि राजकारणात या आठवड्याचा माणूस पुढच्या आठवड्यात शिळा. मुलांसाठी चांदोबा होता, तो मद्रासहून मराठीत यायचा, आणि 1971 पासून बालभारतीचं किशोर. दोन्ही मासिकं, दोन्हींत चित्रं सुरेख, पण ती गोष्टीच्या शेजारी बसलेली चित्रं. गोष्ट चित्र झाकून वाचता येते. कॉमिक्सची गंमत ही की फुगे झाकले तर अर्धी कळते, चित्र झाकलं तर तीपण नाही.

मग आलं इंद्रजाल कॉमिक्स. मार्च 1964 ला सुरू, 1990 ला बंद, 803 अंक, आणि मासिक-पाक्षिक करत करत साप्ताहिकसुद्धा झालं. म्हणजे आपल्याला गुरुवार मिळाला होता! मराठीतसुद्धा मिळाला होता. बी. गोविंद यांची रंगवलेली मुखपृष्ठं अजून लोक जिवापाड जपून ठेवतात. पण आतला माल बहुतेक अमेरिकन सिंडिकेटचा. दैनिकातली आडवी पट्टी कापून उभ्या पानावर बसवायची, जागेसाठी एखादी चौकट छाटायची, वेताळाच्या देशाचं नाव आपल्या लोकांना खुपेल म्हणून डेंकाली करायचं, झाला अंक तयार. तुम्ही प्रकाशक असता तर काय केलं असतं? एका बाजूला तयार, जगभर चाललेली, ठरल्या भावात मिळणारी गोष्ट. दुसऱ्या बाजूला लेखक शोधा, चित्रकाराला महिना-दीड महिना पोसा, आणि तरी तो वेळेवर देईल याचा भरवसा नाही (देत नाहीत, मी आमच्या जातीचं सांगतोय). तरी 1976 ला आबिद सुरतींचा बहादुर आला, चांगला चाललाही, तो नियम सिद्ध करणारा अपवाद. बेल्जियमवर जे संकट आलं की माल येणारच नाही आता स्वतःच काढा, ते आपल्यावर कधी आलंच नाही. आपल्याकडे माल येत राहिला.

अमर चित्र कथा 1967 पासून, अनंत पै आधी इंद्रजालच्याच सुरुवातीच्या कामात होते. तिथे चित्रं आपली, गोष्टी आपल्या, पण मुख्य अंक इंग्रजी आणि मराठी हे भाषांतर. म्हणजे जरा विचार करा, शिवाजी महाराजांवरचा अंक, तुकारामांवरचा अंक, आणि त्यांचं मराठी बोलणं इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात कोंबलेलं.

हे कोंबणं म्हणजे काय ते मला सांगू द्या कारण माझं आयुष्य त्यात गेलंय. इंग्रजी कॉमिक्समध्ये अक्षरं सगळी मोठ्या लिपीतली, म्हणजे प्रत्येक अक्षर एकाच उंचीचं, वर काही नाही खाली काही नाही, ओळीवर ओळ विटांसारखी रचता येते. आपल्या अक्षराला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, आणि "राष्ट्र" "द्वंद्व" असली जोडाक्षरं आली की अजून एक मजला खाली. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या वेलांटीत अडकतो. त्यामुळे जिथे इंग्रजीच्या पाच ओळी मावतात तिथे मराठीच्या तीन, फार तर साडेतीन. दुसरं, फुगा असतो लंबगोल, मधली ओळ लांब आणि वरखालच्या छोट्या पाहिजेत. इंग्रजीत ते जमतं कारण शब्द बारके बारके, आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय सगळं शब्दाला चिकटतं, "गावाबाहेरच्यांनासुद्धा" हा एक शब्द आहे आणि तो वरच्या छोट्या ओळीत येतो, कायम वरच्याच ओळीत येतो, काय वैर आहे कुणास ठाऊक. तोडावा तर शिरोरेघ तुटते आणि पान भिकार दिसतं. मग भाषांतर करणारा काय करतो, शब्द छाटतो. छाटताना पहिला बळी कुणाचा, तर "ना", "की", "बरं का", "हं" यांचा. आणि तेच तर मराठी होतं! ते गेलं की सगळी पात्रं नोटिशीच्या भाषेत बोलायला लागतात, "थांब! तू पळू शकत नाहीस!" असलं. वेताळाच्या तोंडी ते खपून जातं, जंगलातला आहे, पण आपल्या बाजीप्रभूच्या तोंडी ऐकवत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. इंग्रजी कॉमिक्समध्ये दर दोन-तीन शब्दांनी एक शब्द ठळक असतो, कारण त्यांचा जोर आवाजावर असतो आणि तो कागदावर दाखवायला दुसरा मार्ग नाही. आपल्याकडे जोर द्यायला "च" आहे, "तर" आहे, "सुद्धा" आहे, शब्द मागेपुढे करता येतात. "मी सांगितलं होतं", "मीच सांगितलं होतं", "सांगितलं होतं मी", "मी सांगितलं तर होतं", चारही वेगळी, एकही अक्षर ठळक न करता. तरी कित्येक मराठी अंकांत मूळ पानावर ठळक होता म्हणून इथेही तोच शब्द ठळक केलेला असतो, आणि वाचताना गाडी स्पीडब्रेकरवरून गेल्यासारखी उडते. मी पण सुरुवातीला केलंय हे, कुणी सांगणारं नव्हतं.

आवाजांचं तर बोलायलाच नको. मराठीइतके आवाजाचे शब्द असलेली भाषा मिळणं म्हणजे कॉमिक्सवाल्याला लॉटरी आहे. धप्प, धाडकन, खळ्ळकन, सुळ्ळकन, चर्रर्र, फाडकन, टणत्कार, सटासट, नुसतं वाचून चित्र दिसतं. मऊ गादीवर पडला तर धप्प आणि लाकडी जिन्यावरून पडला तर धडाधडा, इतका फरक आपली भाषा करते. आणि आपण छापत काय आलो तर चित्रातच रंगवलेलं "बँग", कारण ते पुसून परत रंगवायचा खर्च कोण करणार. मूळ मराठीत कॉमिक्स व्हावं याचं माझ्याकडे सगळ्यात मोठं कारण विचाराल तर अस्मिता वगैरे नाही, हे आहे. ह्या शब्दांची चित्रं कुणी काढलेलीच नाहीयेत अजून. "चर्रर्र" ची रेषा कशी असेल, र खाली ओघळत जातील का? करून बघा, रात्र जाते त्यात.

शेजाऱ्यांचं पटकन सांगतो. बंगालीत शुकतारा मासिकात नारायण देबनाथांनी 1962 ला हांदा-भोंदा सुरू केलं, 1965 ला बाँटुल, आणि पन्नास वर्षांहून जास्त काढत राहिले. मासिक असूनही चाललं कारण त्यांनी पुढे चालू ठेवायची गोष्ट केलीच नाही, एक-दोन पानांत पोरांनी उचापत करायची आणि मार खायचा, संपलं, पण पोरं तीच आणि पान ठरलेलं. मल्याळममध्ये टॉम्स या व्यंगचित्रकाराचे बोबन आणि मोली मनोरमा साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर असायचे आणि लोक अंक मागून उघडायचे. तमिळमध्ये अजून निराळंच, शिवकाशीत मुत्तु आणि लायन कॉमिक्स आधी ब्रिटिश आणि मग बेल्जियन-फ्रेंच-इटालियन गोष्टी तमिळमध्ये छापत आले, वर्गणीदारांच्या जिवावर, आणि थर्टीन नावाच्या मालिकेचे 18 भाग त्यांनी एकाच जाडजूड पुस्तकात काढले. तो सगळा भाषांतरित माल आहे पण त्यांचं तमिळ असं आहे की लोकांना तो आपलाच वाटतो. म्हणजे भाषांतर हे पाप नाहीये, रुक्ष भाषांतर पाप आहे.

इथे कुणीतरी म्हणणार की अहो आपली चित्रकथी आहे ना, पिंगुळीची. आहे, आणि कुडाळला गेलात तर वाट वाकडी करून बघाच, परशुराम गंगावण्यांना 2021 ला पद्मश्री मिळाली ती उगाच नाही. सुटे कागद, पाठीला पाठ लावून चिकटवलेले, पोथीसारखा गठ्ठा, एकेक चित्र समोर धरायचं आणि गाऊन गोष्ट सांगायची. माझा तिच्यावर जीव आहे. पण "म्हणून कॉमिक्स आपल्या रक्तात आहे" हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. चित्रकथीत चित्र किती वेळ बघायचं हे गाणारा ठरवतो, कॉमिक्समध्ये वाचणारा. हा फरक लहान नाही. आणि त्या गठ्ठ्याचा छापखान्याशी कधी संबंध आलाच नाही, ती एका समाजाची पिढीजात कला म्हणून राहिली. शिकण्यासारखं त्यात खूप आहे, उदाहरणार्थ बोलणारी दोन पात्रं समोरासमोर एका बाजूने कशी उभी करायची. वारसा म्हणून दाखवायला मात्र वापरू नका.

मराठीत ज्याला खरोखर गुरुवार मिळाला, खरंतर रोजचाच वार मिळाला, तो म्हणजे चिंटू. 1991 ला सकाळमध्ये सुरू झाला, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. दोन-चार चौकटी, रोज. आणि बघा लगेच काय झालं, पप्पू, मिनी, राजू, बगळ्या, सतीशदादा, जोशीकाकू, माणसं तयार झाली. पेपर उघडल्यावर लोक आधी चिंटू बघायचे. मग पुस्तकं, मग सिनेमा. कुणी परंपरा नाही वगैरे बोललं नाही, रोज सकाळी जागा मिळाली आणि दोघं जण ती न चुकता भरत राहिले.

माझ्या मासिकाचं पण सांगून टाकतो म्हणजे मी हे सगळं शहाणपण कुठून शिकलो ते कळेल. आम्ही तिघांनी काढलं होतं, मोठ्या आकाराचं, फ्रेंच पुस्तकाच्या मापाचं, कारण आम्हाला ते माप आवडायचं. पहिला अंक वेळेवर. दुसरा तीन आठवडे उशिरा, कारण मी एका लढाईच्या पानावर घोडे काढत बसलो होतो, एकशे दहा घोडे, आज कुणाला त्यातला एक आठवत नाही. तिसरा अंक दोन महिन्यांनी. वितरकाने गठ्ठे परत पाठवले आणि फोनवर एवढंच म्हणाला की साहेब, स्टॉलवाल्याच्या दोरीला हा अंक मावत नाही, खाली ठेवला तर पाऊस लागतो, आणि येणार कधी ते तुम्हालाच माहीत नाही तर तो गिऱ्हाइकाला काय सांगणार. चित्रांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. चित्रं छान आहेत म्हणाला.

तर आता तुमची 80 पानं. पहिली गोष्ट, 80 पानं काढून मग प्रकाशक शोधू हे करू नका, दोन वर्षं जातील आणि 40 व्या पानापर्यंत तुमचा हात इतका बदललेला असेल की पहिली वीस परत काढावीशी वाटतील, सगळ्यांचं होतं. दोन-दोन पानांचे हप्ते पाडा, एक वार ठरवा आणि त्या वारी टाका. कुठे टाकता हे दुय्यम आहे. मोबाइलवर लोक बोटाने सरकवत वाचतात, म्हणजे तुमच्यासाठी प्रत्येक सरकवणं हे आवाजची खिडकी आहे, फुकटात. मात्र पान मोबाइलच्या मापाने आखा, मोठं पान लहान करून टाकू नका, मराठी मात्रा सगळ्यात आधी मरतात.

चित्र काढायच्या आधी बोलणं लिहा आणि ते पेन्सिलच्या चौकटीत तुमच्या हाताने, खऱ्या आकारात उतरवा. मराठी ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा दीडपट धरून चाला आणि मग उरलेल्या जागेत माणसं बसवा. उलटं केलंत, चित्र आधी आणि फुगा नंतर, तर फुगा हमखास कुणाच्या तरी डोक्यावर येणार आणि तुम्ही "बरं का" छाटणार. फुगाही लंबगोलच पाहिजे असं कुठे लिहिलंय, कडा गोल केलेला बसका चौकोन मराठीला जास्त सोसतो, शिरोरेघ त्याच्या वरच्या कडेला समांतर जाते आणि छान दिसते. फॉन्ट वापरणार असाल तर युनिकोडचा घ्या, जुन्या फॉन्टमधली फाइल पाच वर्षांनी उघडत नाही, माझ्याकडे अशी एक सीडी भरून पानं आहेत जी आता फक्त प्रश्नचिन्हं दाखवतात. आणि जमत असेल तर हातानेच लिहा, अक्षर वाईट असलं तरी चालेल पण चित्राची आणि अक्षराची रेघ एकाच पेनाची वाटते.

पुस्तक करायची वेळ आली की 80 हा आकडा ठीक आहे, पाच फर्मे होतात, पण नावाचं पान, श्रेय वगैरे त्यातच बसवायचं आहे हे धरून गोष्ट 76 ला संपवा. आणि घोडे असतील तर लांबून दाखवा, धूळ जास्त काढा.